पुण्याला जायचं होतं, बाणकोटला उतरले



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, हे व्याख्यान इतिहासाचं की हे प्रवचन? उत्तर असं, की माहिती इतिहासातली आहे आणि प्रश्न प्रवचनातला. आपण विश्वासी माणसं म्हणतो, सगळं देवाच्या हातात आहे. मग प्रार्थना करून, तयारी करून हाती घेतलेलं चांगलं काम अडतं का? निघालेला माणूस वाटेतच का थांबतो? बरं, थांबण्याचं कारण निदान मागाहून तरी कळतं का? या प्रश्नावर नुसती तत्त्वं सांगण्यापेक्षा एका खऱ्या घटनेला हा प्रश्न विचारून पाहावा, असं आम्हाला वाटलं. ती घटना लांबची नाही. इथून खाडी ओलांडली की दाभोळ. तिथून किनाऱ्याने उत्तरेला हर्णै, आंजर्ले, केळशी करत गेलं की सावित्रीच्या मुखावर बाणकोट. स्कॉटलंडचे पहिले मिशनरी पश्चिम हिंदुस्थानात आले ते याच पट्ट्यात, 1823 साली. आणि आले ते मनाविरुद्ध.

अंजनवेलमध्ये थांबण्याबद्दल बोलणं म्हणजे धाडसच आहे. या गावाला थांबण्याचा अनुभव आमच्यापेक्षा जास्त. वीज प्रकल्पाचंच घ्या. करार झाला, 1995 मध्ये रद्द झाला, पुन्हा झाला, वीज सुरू झाली आणि 2001 मध्ये सगळं बंद पडलं. पुन्हा दुसऱ्या नावाने सुरू व्हायला काही वर्षं गेली. ज्यांची जमीन गेली आणि ज्यांची नोकरी गेली त्यांना "धीर धरा" म्हणणं किती सोपं असतं, हे इथे कुणाला सांगायला नको. म्हणून आज आम्ही जे बोलू ते जपून बोलणार आहोत.

आता 1818 कडे जाऊ. त्या वर्षीच्या मे महिन्यात गोपाळगड इंग्रजांनी घेतला. आदिलशाहीपासून शिवाजी महाराज, सिद्दी, तुळाजी आंग्रे, पेशवे असे अनेक धनी पाहिलेला हा किल्ला कंपनी सरकारकडे गेला. त्याच वर्षी पेशवाई संपली. सबंध कोकण आणि देश कंपनीच्या हाती आला. कुणालाही वाटेल, की आता मिशनऱ्यांना रान मोकळं झालं असणार. राज्य त्यांच्याच देशबांधवांचं, मग अडचण कसली?

झालं उलटंच. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन धोरणी होते. पेशवाई नुकतीच बुडालेली, पुण्यातला ब्राह्मणवर्ग दुखावलेला. अशा वेळी नवं सरकार आपल्या धर्मात हात घालतंय असा संशय कुणाला येऊ नये, ही त्यांची मुख्य काळजी. सरकारने 1821 मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली ती याच धोरणातून. त्या पुण्यात मिशनरी नेऊन बसवायला सरकार मुळीच तयार नव्हतं. मुंबईतल्या अमेरिकन मिशनरींनी तर याहून वाईट दिवस पाहिले होते. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले तेव्हा कंपनीने त्यांना परत पाठवायचाच हुकूम काढला. ते कोचीनपर्यंत निसटले, तिथून परत आणले गेले, आणि वर्षाच्या शेवटी कुठे राहायची परवानगी मिळाली. मुंबईत पाय ठेवल्यावर राहता येईल की नाही हे कळायलाच वर्ष गेलं.

अशा काळात स्कॉटिश मिशनरी सोसायटीने डोनाल्ड मिचेल यांना पाठवलं. हे गृहस्थ आधी कंपनीच्या फौजेत अधिकारी म्हणून हिंदुस्थानात राहून गेलेले. इथेच त्यांच्या मनात हा विचार रुजला. नोकरी सोडून ते मायदेशी गेले, पाळक झाले आणि परत आले. म्हणजे तयारी वर्षानुवर्षांची. डोळ्यांसमोर पुणं होतं. परवानगी नाही म्हटल्यावर मिळालं ते दक्षिण कोकण, आणि त्यातलं बाणकोट. बाणकोटचा किल्ला पेशवाईच्या काळापासूनच इंग्रजांकडे होता, ते त्याला फोर्ट व्हिक्टोरिया म्हणत. तिथे सरकारला धोका वाटत नव्हता, कारण तिथून राजकारण हलत नव्हतं.

डोनाल्ड मिचेल 1823 मध्ये आले आणि 1823 मध्येच वारले.

या वाक्यापाशी आम्हाला जरा थांबायचं आहे, कारण आजचा सगळा प्रश्न इथेच आहे. नोकरी सोडली, शिक्षण घेतलं, आफ्रिकेला वळसा घालून येणाऱ्या जहाजात महिनेच्या महिने काढले, हवं ते गाव नाकारलं गेलं, मिळालं त्यात समाधान मानलं, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत मरण आलं. त्यांच्या हातून काय झालं असं विचारलं, तर मोजून दाखवण्यासारखं जवळजवळ काही नाही. तेव्हा एडिंबरोला पत्र जायला चार-पाच महिने लागत, उत्तर यायला तेवढेच. म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वर्षाने येई. इथला माणूस गेला तरी तिकडे त्याच्यासाठी प्रार्थना चालूच असतील. ज्याच्यासाठी बरं होण्याची प्रार्थना करतोय तो महिन्यांपूर्वीच गेला आहे, हे त्या प्रार्थना करणाऱ्यांना ठाऊकही नसेल.

मिचेल यांच्यामागून जेम्स मिचेल, अलेक्झांडर क्रॉफर्ड, जॉन कूपर, जॉन स्टीव्हनसन हे आले. पुढे 1827 मध्ये रॉबर्ट नेसबिट आले. बाणकोट आणि हर्णै ही त्यांची दोन मुख्य ठाणी. पुणं अजून बंदच होतं. मग या लोकांनी तिथे केलं काय?

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. मृग लागला की दर्या बंद. होड्या वाळूवरून ओढून वर घ्यायच्या, झापांनी शाकारायच्या, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत वाट पाहायची. पण त्या दोन-अडीच महिन्यांत कोळ्याच्या घरात कुणी नुसतं बसून राहत नाही. जाळी दुरुस्त होतात, होडीच्या फटी भरल्या जातात. दर्या उघडायची तारीख आपल्या हातात नाही, पण त्या दिवशी होडी तयार असणं मात्र आपल्या हातात आहे.

बाणकोट-हर्णैला साधारण हेच झालं. या लोकांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या. त्यात शिकवणारे बहुतेक इथलेच हिंदू पंतोजी होते. आणि मुख्य म्हणजे ते स्वतः मराठी शिकले. मुंबईत राहिले असते तर इंग्रजीवर आणि दुभाष्यावर भागलं असतं. बाणकोटच्या बंदरावर कोण इंग्रजी बोलणार? भाजी घ्यायची तर मराठी, वाट विचारायची तर मराठी, वाद घालायचा तरी मराठी. नेसबिट यांच्या मराठीची पुढे सगळीकडे वाखाणणी झाली. स्टीव्हनसन यांनी 1833 मध्ये मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं, आणि ते संस्कृतात इतके खोल शिरले की 1842 मध्ये त्यांनी सामवेदाचं इंग्रजी भाषांतर छापलं.

1829 च्या फेब्रुवारीत जॉन विल्सन आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट मुंबईला उतरले. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने आहे तेच हे विल्सन. पण त्यांनी मराठी मुंबईत बसून शिकली नाही. नवराबायको दोघं कोकणात आले आणि आधीच्या मंडळींजवळ राहून भाषा शिकले. त्याच वर्षाच्या शेवटी मुंबईला परतले ते मराठी बोलत. मार्गारेटबाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. विल्सन यांची शाळा 1832 मध्ये निघाली, तिचंच पुढे कॉलेज झालं. 1830 च्या सुमारास पुण्याचं दारही किलकिलं झालं आणि जेम्स मिचेल, स्टीव्हनसन ही मंडळी तिकडे गेली. कोकणची ठाणी मागे पडली.

म्हणजे हिशेब असा: पुणं मिळालं नाही म्हणून कोकण, कोकणात मराठी, आणि त्या मराठीच्या जोरावर पुढे मुंबई आणि पुणं. बाबा पदमनजी, ज्यांचं 1857 मधलं 'यमुनापर्यटन' मराठीतली पहिली कादंबरी म्हणून सांगितलं जातं, ते मुंबईत ज्या फ्री चर्चच्या शाळेत शिकले तिथे शिकवणाऱ्यांत नेसबिट होते. हर्णैच्या किनाऱ्यावर शिकलेली मराठी वीस वर्षांनी एका मराठी तरुणाच्या कानावर पडत होती. त्या तरुणानेही निर्णयाला वेळ घेतला. 1854 मध्ये बेळगावात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढच्याच वर्षी नेसबिट पटकीने वारले.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांना यावरून प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय आठवला असेल. पौलाला आशियात वचन सांगायचं होतं, आत्म्याने मना केलं. बिथुनियात जायचा प्रयत्न केला, तिथेही जाऊ दिलं नाही. दोन दारं बंद झाल्यावर तो समुद्रकाठच्या त्रोवसात येऊन पोहोचला, आणि तिथे रात्री मासेदोनियातल्या माणसाचा दृष्टान्त झाला. पुढे फिलिप्पै, नदीकाठची प्रार्थना, लुदिया. प्रवचनात आपण ही कथा नेहमी सांगतो आणि म्हणतो, पाहा, देवाने दार बंद केलं ते दुसरं उघडण्यासाठी.

इथपर्यंत सगळं छान जुळलं. पण आम्ही इथेच थांबलो तर ते खोटं होईल. जुळलेल्या हिशेबातून तीन माणसं सुटतात.

पहिला सुटतो तो डोनाल्ड मिचेल. नेसबिट मराठी शिकले, विल्सन यांनी कॉलेज काढलं, हे खरं. पण त्यातलं काहीही मिचेल यांनी पाहिलं नाही. "तू मेलास ते पुढच्यांची सोय व्हावी म्हणून," असं त्यांच्या कबरीपाशी कुणी म्हणावं? आम्हाला तरी ते धाडस नाही. मार्गारेटबाई 1835 मध्ये गेल्या, मुंबईला येऊन सहाच वर्षं झाली होती. मागे लहान मुलं होती. त्याचंही कारण इतिहासाच्या पुस्तकात सापडत नाही. दुसऱ्याच्या मरणाचा अर्थ आपल्या सोयीने लावणं म्हणजे विश्वास नव्हे.

दुसरा सुटतो तो इथला माणूस, पुण्याचा आणि कोकणचाही. मिशनच्या बाजूने पाहिलं तर परवानगी न मिळणं हा अडथळा. पण पुण्यातल्या एखाद्या भिक्षुकाच्या बाजूने पाहा. राज्य गेलं, आता ज्यांनी राज्य घेतलं त्यांचेच लोक धर्म सांगायला येणार, ही भीती अगदीच निराधार होती असं म्हणता येत नाही. ख्रिस्ताचं नाव तोफेच्या पाठोपाठ आलं की ऐकणाऱ्याला ते नाव ऐकूच येत नाही, तोफच ऐकू येते. तेव्हा पुण्याचं दार बंद राहिलं यात देवाने कुणाला आवरलं असेल? कदाचित घाई करणाऱ्यालाच. ज्याला आपण विलंब म्हणतो तो कधीकधी आपल्यापासून दुसऱ्याचं केलेलं रक्षणही असू शकतो. ही गोष्ट आपण मंडळीत फारशी बोलत नाही, पण बोलायला हवी.

तिसरं माणूस म्हणजे एक बाई. तिच्यासाठी काळ सत्तर वर्षं पुढे न्यावा लागेल, पण भूमी हीच आहे. याच दापोली तालुक्यात, करजगावला, 1861 मध्ये नारायण वामन टिळकांचा जन्म झाला. बाणकोटच्या मिशनशी त्यांचा संबंध ओढूनताणून जोडायचा नाही, तसा तो नाही. टिळकांनी 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला. टिळकांचं नाव आपण अभिमानाने घेतो. पण त्या दिवशी घरी लक्ष्मीबाई होत्या. त्यांच्यासाठी ती बातमी म्हणजे संसारावर कोसळलेली वीज होती. पुढची काही वर्षं नवराबायकोची ताटातूट, नातलगांकडे राहणं, लोकांचं बोलणं, हातातल्या लहान मुलाची काळजी. 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने, जातिभेदाचं ओझं आपणच आपल्या मनातून उतरवल्यावर.

आज आपण म्हणतो, पाच वर्षं लागली पण काय सुंदर साक्ष मिळाली! बरोबर. पण 1896 मध्ये लक्ष्मीबाईंना जाऊन कुणी सांगितलं असतं, की "बाई, हे सगळं देवाच्या योजनेत आहे, शांत राहा," तर ते निर्दयपणाचं ठरलं असतं. योजनेची भाषा मागे वळून पाहताना, आणि ती सुद्धा ज्याने सोसलं त्याने बोलायची असते. बाहेरच्याने ती पुढे केली की ती गप्प बसवण्याची भाषा होते. आमच्या मंडळ्यांमध्ये हे घडतं. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला, पगार थकलेल्या मजुराला, मूल गेलेल्या आईला हेच वाक्य ऐकवलं जातं. तिथे आधी डॉक्टर लागतो, वकील लागतो, शेजारी बसणारं कुणीतरी लागतं. माणसाने केलेला अन्याय देवाच्या नावावर खपवणं हा विश्वास नाही.

मग विश्वास म्हणजे काय उरतो? आम्हाला या इतिहासातून जे हाती लागलं ते एवढंच.

देवाचा ताबा आहे याचा अर्थ त्याची कारणं आपल्याला कळतील, असा नाही. योसेफाने तुरुंगात प्यालेबरदाराच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला आणि फारोपाशी आपली आठवण काढ म्हणून विनवलं. प्यालेबरदार सुटला आणि विसरला. त्यानंतर पुरी दोन वर्षं. त्या दोन वर्षांत योसेफाला कुणी येऊन सांगितलं नाही, की पुढे दुष्काळ आहे, त्या वेळी तुझी गरज पडणार आहे. तो तुरुंगातली कामं करत राहिला, बस. कारण पुढे कळलं, त्या दोन वर्षांत नाही. आणि कित्येकांना तर जन्मभर कळत नाही.

हर्णैच्या मंडळींनाही माहीत नव्हतं, की आपली मराठी पुढे कुठे पोहोचणार आहे. त्यांना फक्त एवढं दिसत होतं, की जिथे जायचं होतं तिथे जाता येत नाही, आणि जिथे आहोत तिथल्या माणसांची भाषा येत नाही. पहिली गोष्ट त्यांच्या हातात नव्हती, दुसरी होती. त्यांनी दुसरी केली. देवावर भरवसा ठेवण्याचं याहून साधं रूप आम्हाला माहीत नाही. बंद दारावर डोकं आपटत बसायचं नाही, आणि दार बंद आहे म्हणून अंथरूण घालून झोपायचंही नाही. आजूबाजूला जी माणसं आहेत त्यांची भाषा शिकायची.

टिळकांच्याच घरातलं आणखी एक उदाहरण सांगून आटोपतं घेतो. येशूचं चरित्र काव्यात लिहायला टिळकांनी घेतलं, तेच 'ख्रिस्तायन'. सुमारे अकरा अध्याय झाले आणि 1919 मध्ये ते वारले. मोठं काम अर्ध्यावरसुद्धा नाही, पुष्कळच अलीकडे थांबलं. लक्ष्मीबाईंचं शालेय शिक्षण झालेलं नव्हतं. त्यांनी लेखणी हाती घेतली आणि पुढचे चौसष्ट अध्याय लिहिले. 1936 मध्ये त्याही गेल्या. ग्रंथ छापून आला तो 1938 मध्ये. म्हणजे ज्याने सुरू केला त्याने तो पुरा झालेला पाहिला नाही, आणि जिने बहुतेक लिहिला तिनेही छापलेला पाहिला नाही. तरी तो आज आहे. यातून देवाने टिळकांना मधेच का नेलं याचं उत्तर मिळत नाही. पण काम कुणा एकाचं नसतं, एवढं मात्र कळतं. आपल्या वाट्याचे अकरा अध्याय लिहून झाले, की उरलेल्यांची काळजी आपल्यावर नाही.

इथे बसलेल्यांपैकी कुणी परीक्षेच्या निकालासाठी थांबलं असेल, कुणी मुंबईच्या नोकरीसाठी, कुणी दवाखान्याच्या अहवालासाठी. तुमचं दार कधी उघडेल हे आम्ही सांगू शकत नाही, आणि कुणी ठामपणे सांगायला लागलं तर त्याच्यावर फार विश्वास ठेवू नका. आपापलं दुःख देवापुढे मोकळेपणाने मांडा, तक्रारही करा. स्तोत्रकर्त्यांनी ती केली आहे, आणि देवाने त्या तक्रारी शास्त्रातून काढून टाकल्या नाहीत. मग उद्या सकाळी जे काम समोर येईल ते करा.

परतीच्या वाटेवर धोपाव्याच्या फेरीबोटीतून दाभोळला उतरणाऱ्यांनी जमलं तर कधी पुढे हर्णै-बाणकोटपर्यंत जाऊन यावं. तिथे पाहण्यासारखं मिशनचं काही भव्य उरलेलं नाही. किल्ला आहे, खाडी आहे, पावसाळा असला तर शाकारलेल्या होड्या आहेत. तिथे पाच मिनिटं उभं राहून डोनाल्ड मिचेल यांचं नाव घ्यावं, एवढीच विनंती. आता प्रश्न विचारायला हरकत नाही. ज्यांना शेवटची बोट गाठायची आहे त्यांनी आधी विचारावेत.